रोजच्या रस्त्याची गाडी

नमस्कार श्रोतेहो.

पाडवा होऊन गेला, अक्षय्य तृतीया तोंडावर आली आहे. या दिवसांत नागपुरात बऱ्याच घरांत एकच चर्चा असते, यंदा चारचाकी घ्यायची. शोरूमच्या चकरा सुरू होतात, पुण्याचा मावसभाऊ फोनवर एक गाडी सुचवतो, शेजारचे काका दुसरीच सुचवतात, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याच्या पसंतीची गाडी दारात येते. आज मला या विषयावर जरा पोटतिडकीनं बोलायचं आहे. घरानंतर मध्यमवर्गीय माणसाचा सगळ्यात मोठा खर्च हाच असतो. पाच-सात वर्षं त्याचा हप्ता पगारातून जातो, आणि ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्या घरच्या माणसांना मात्र कोणी काही विचारलेलं नसतं.

शोरूमला जायच्या आधी एक करा. घरात एक वही ठेवा आणि एक आठवडा रोजचं जाणं-येणं लिहून काढा. कोण, कुठे, किती किलोमीटर, गाडीत माणसं किती. मनीषनगरहून सदरला ऑफिस. मुलीला शिकवणीला सोडणं. आईला धंतोलीत डॉक्टरांकडे नेणं, तिथं गाडी लावायला जागा शोधत दोन गल्ल्या फिरणं. रविवारी कॉटन मार्केटातून आठवड्याची भाजी. आठवडा संपल्यावर ती वही उघडली की बहुतेक घरांत एक गोष्ट दिसेल: बहुतेक फेऱ्यांत गाडीत दोनच माणसं असतात, आणि फेरी दहा-पंधरा किलोमीटरच्या आत संपते. गाडी या फेऱ्यांसाठी घ्यायची आहे.

आपल्याकडे होतं काय, की शेगाव, माहूर, पेंच, या वर्षाकाठी एक-दोनदा होणाऱ्या सहली डोळ्यांपुढे ठेवून सात सीटची गाडी पसंत केली जाते. घरात रोज सहा माणसं एकत्र राहत असतील, आजी-आजोबा, दोन मुलं, तर सात सीटची जरूर घ्या, त्यात दुमत नाही. पण चौघांचं कुटुंब असेल तर आधी मागचं दार उघडून बघा. मारुतीच्या सात सीटच्या अर्टिगामध्ये तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत २०९ लिटर जागा उरते. रेनोची ट्रायबर चार मीटरच्या आत सात जणांना बसवते हे तिचं कौतुकच आहे, पण सगळे बसले की मागे फक्त ८४ लिटर राहतात, म्हणजे एक-दोन छोट्या पिशव्या. सात माणसांच्या बॅगा टपावरच जाणार. त्यापेक्षा सहलीचे ते दोन दिवस भाड्यानं मोठी गाडी करा, आणि उरलेलं वर्ष आटोपशीर गाडी चालवा.

आता लांबीचं. वॅगनआर ३,६५५ मिलिमीटर लांब आहे आणि तिला वळायला ४.७ मीटर त्रिज्या पुरते. अर्टिगा साधारण ४.४ मीटर लांब, वळण ५.२ मीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. महालात, इतवारीत, गांधीबागेत जुन्या वाड्याच्या बोळात गाडी उलटी काढताना तो कळतो. फ्लॅट स्कीममध्ये दोन खांबांच्या मधली पार्किंगची जागा मिळालेली असते, ती टेपनं मोजा. शेजारची गाडी उभी असताना आपलं दार किती उघडेल, हेही बघा. चार मीटरच्या आतल्या गाडीला करातही सवलत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के.

शोरूमला जाताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला सोबत न्या. हे मी अगदी आग्रहानं सांगतो. आजीला गाडीत बसताना नीट बघा. गाडी बुटकी असेल तर तिला आधी वाकावं लागतं, मग अंग खाली टाकावं लागतं, आणि उतरताना दाराची कड धरून दोन हिसक्यांत उठावं लागतं. गाडी फार उंच असेल तर लुगड्याचा काठ एका हातात धरून पाय वर घेताना गुडघा बोलतो. जिथं सीट फार वाकावं-चढावं न लागता टेकता येईल अशा उंचीला असते, तिथं ती आधी टेकते, मग एकेक पाय आत घेते, कुणाचा हात लागत नाही. मागचं दार काटकोनात उघडतं का, वर धरायला मूठ आहे का, खालचा उंबरठा रुंद आहे का, हे त्याच वेळी कळतं. विक्रेता तोपर्यंत मोठ्या स्क्रीनबद्दल सांगत राहील, सांगू द्या. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाणाऱ्या माणसासाठी सीटची उंची त्या स्क्रीनपेक्षा कितीतरी मोलाची आहे. आणि गाडी घरात आणखी कोण चालवणार? बायको, मुलगी चालवणार असतील तर त्यांनाही स्टिअरिंगवर बसवा. सीट वर-खाली होते का, समोरचं बॉनेट दिसतं का, क्लच जड आहे का, हे त्यांनीच सांगायचं. सिग्नलला सारखं थांबावं लागत असेल तर ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

आता ऊन. बाहेरगावचा सल्ला इथं कमी पडतो, कारण त्या माणसानं मे महिन्यातली आपली दुपार बघितलेली नसते. पारा ४५ च्या पुढे जातो, ऑफिसबाहेर उघड्यावर उभी असलेली गाडी संध्याकाळी उघडली की सीट बेल्टच्या लोखंडी टोकानं लहान मुलाच्या हाताला चटका बसतो. म्हणून चाचणीची फेरी सकाळी गारव्यात घेऊ नका. दुपारी दोनला घ्या. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असेल तर उत्तमच. चार-पाच माणसं बसवा, एसी पूर्ण लावा, आणि गाडी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढवा. लहान इंजिनावर एसीचा भार पडल्यावर चढाला गाडी दम टाकते का, हे तिथं समजेल. मागच्या सीटवर बसलेल्याला विचारा, गार हवा किती वेळानं पोचली? मागे एसीचा झरोका असलेली गाडी नागपूरसाठी वेगळीच. काचेचं छप्पर, म्हणजे सनरूफ, मला आपल्या शहरात पटत नाही. डोक्यावर काच घेऊन एसीशी भांडण्यापेक्षा तेच पैसे मागच्या झरोक्यात आणि जास्तीच्या एअरबॅगांत घाला. रंग पांढरा किंवा चंदेरी घ्या, काळा रंग उन्हात लवकर तापतो. काचांना काळी फिल्म लावायचा विचार मात्र सोडा, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच त्यावर बंदी घातली आहे.

उन्हाबरोबर टायरही आलेच. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो, म्हणून पुष्कळ जण हवा कमी करून घेतात. मग टायर थंड झाला की हवा कमी पडते, चालताना तो जास्त दबतो, दबल्यानं आणखी तापतो आणि फुटायची वेळ येते. समृद्धी महामार्गावर शिवमडक्याहून निघून सरळ सिमेंटच्या रस्त्यावर ताशी १२० नं जाणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

इंधनाचा हिशेब आपला आपण करायचा. समजा महिन्याला ६०० किलोमीटर गाडी चालते. पेट्रोल गाडी शहरात लिटरला १५ देते, म्हणजे ४० लिटर, शंभराच्या भावानं ४,००० रुपये. डिझेल गाडी २० देते, ३० लिटर, नव्वदच्या भावानं २,७००. महिन्याला वाचले १,३००, वर्षाचे साधारण १५,६००. डिझेल गाडी सव्वा लाखानं महाग असेल तर ते वसूल व्हायला आठ वर्षं लागतात. शिवाय बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून वेगात, सलग पळावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ती जाळी तुंबते. अमरावती-चंद्रपूरला नेहमी जाणाऱ्यानं डिझेलचा विचार करावा, शाळा-बाजारवाल्यानं नाही.

सीएनजीचंही तसंच. मुंबईचा नातेवाईक सीएनजीची तारीफ करतो ती त्याच्या शहरातल्या भावावर. २०२२ मध्ये आपल्या नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, तेव्हा मुंबईत तो जवळपास निम्म्या भावात मिळत होता. म्हणून आजचा भाव पंपावर जाऊन बघा, तो पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का, रांग किती असते, तेही बघा. आणि टाकीनं डिकी किती खाल्ली ते उघडून पाहा. वॅगनआरची ३४१ लिटरची डिकी सीएनजीच्या टाकीनं बरीचशी जाते. गावाहून तुरीचं पोतं आणायचं असेल तर ते मागच्या सीटवर येईल.

इलेक्ट्रिक गाडी नागपूरच्या अंतरांना चांगली जुळते. शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत फार मोठं नाही, रामटेक पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि जीएसटी ५ टक्केच. पण स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या मीटरवरून १५ अँपिअरचा प्लग मिळणार असेल तरच घ्या. फ्लॅट स्कीममध्ये सोसायटीची लेखी परवानगी आधी, बुकिंग नंतर. बॅटरी द्रवानं थंड ठेवण्याची सोय आहे का, हे इथल्या उन्हात विचारलंच पाहिजे.

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट मनावर घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, आणि खाली लावलेल्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा वेळी गाडी सुरू करून बघायचा मोह होतो. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली की पिस्टनला पाणी दाबता येत नाही, आतला दांडा वाकतो आणि इंजिन जातं. नेहमीच्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान बरेचदा नाकारलं जातं. विमा काढताना इंजिन संरक्षणाची जोड मागून घ्या. नदीकाठच्या, सखल वस्तीत राहणाऱ्यांनी ते पैसे वाचवू नयेत. गाडी बुडाली तर ती ढकलून किंवा टो करून वर्कशॉपला न्यायची, किल्लीला हात लावायचा नाही.

सुरक्षेत तडजोड करू नका. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी धडकवून ती किती सुरक्षित आहे ते बघण्याच्या, चाचण्या सुरू झाल्या आहेत. मोठ्यांसाठीचे तारे वेगळे आणि मुलांसाठीचे वेगळे दिले जातात, दोन्ही बघा. मागे मधल्या माणसालाही तीन बिंदूंचा पट्टा आहे का, मुलांची खुर्ची अडकवायला आयसोफिक्स आहे का, आणि हे सगळं तुम्ही घेत असलेल्याच व्हेरिअंटमध्ये आहे का, हे लेखी घ्या. मागच्या सीटवर पट्टा न लावण्याची आपली सवय फार घातक आहे. धडकेत मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो.

आणि गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हार-नारळाच्या आधी दहा मिनिटं द्या. उजेडात गाडीभोवती फिरा. चारही टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १०२५ म्हणजे २०२५ चा दहावा आठवडा. पाचवा टायरही काढून बघा. चासी नंबर कागदाशी ताडून घ्या, गाडीच्या निर्मितीचा महिना बघा, किलोमीटर किती झालेत ते बघा, जॅक आणि पाना जागेवर आहेत का तेही. काही खटकलं तर मुहूर्त आहे म्हणून सही करू नका. विक्रेत्याला ते दुरुस्त करायला लावा, मग पुढच्या सीटवर आजीला बसवून गाडी घरी आणा.

नमस्कार.