संगणकाची वीज आधी पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

नवा संगणक जुळवून घ्यायचा म्हटले की प्रोसेसर कोणता, रॅम किती आणि ग्राफिक्स कार्ड कोणते यावर घरात बराच खल होतो. मात्र या साऱ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस नावाचा डबा दुकानदार कॅबिनेटबरोबर जो देईल तो मुकाट्याने घेतला जातो. काटकसर करायचीच असेल तर ती कॅबिनेटच्या काचेत आणि रंगीत दिव्यांत करावी, या डब्यात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज घेऊन ती 12, 5 आणि 3.3 व्होल्टमध्ये वाटून देणे हे एसएमपीएसचे काम असते. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक 12 व्होल्टच्या तारांवर भागते. म्हणून खरेदी करताना डब्यावरचा वॅटचा मोठा आकडा क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या कुशीला चिकटवलेला बारीक अक्षरांतला तक्ता वाचावा. वर 450 वॅट असे ठसठशीत छापलेले असेल आणि तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर लिहिलेले असतील, तर 12 गुणिले 14 म्हणजे 168 वॅट एवढीच त्याची कामाची ताकद समजावी. ‘80 प्लस’ हे चिन्ह असलेला डबा घेणे चांगले, कारण भिंतीतून घेतलेल्या दर 100 वॅटपैकी निदान 80 वॅट तो यंत्राला देतो आणि उरलेल्याचीच उष्णता होते. मात्र केवळ चिन्ह पाहून तक्ता वाचायचा सोडू नये.

अपुरा एसएमपीएस सहसा एकदम बंद पडत नाही. पत्र लिहिताना, गाणी ऐकताना संगणक सुरळीत चालतो आणि खेळ सुरू केला किंवा व्हिडिओचे संकलन करायला घेतले की आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकण्याआधी किंवा रॅम बदलण्याआधी ओळखीच्या कोणाचा तरी चांगला, पुरेशा ताकदीचा एसएमपीएस तासभर लावून पाहावा.

आता घराघरांत आढळणारी दुसरी तक्रार. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, टेस्टर टेकवला तर त्याचा दिवा मिणमिणतो, आणि घरातले लोक संगणकच खराब आहे असे ठरवून मोकळे होतात. दोष बहुधा भिंतीत असतो. वीजपुरवठ्यातला गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, आणि त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी योजना असते. अर्थिंग नसले, किंवा थ्री पिन प्लगला टू पिनचा जोड लावून आपणच ते तोडलेले असले, की त्या पत्र्यावर 230 च्या निम्मा, म्हणजे साधारण 115 व्होल्टचा दाब राहतो. प्रवाह फार थोडा असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आतली एखादी तार सुटून पत्र्याला टेकली, तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. म्हणून चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तो सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेचा तुकडा जोडून ‘झाले काम’ म्हणू लागला, तर त्याला थांबवावे. पुढे कुठे न्यूट्रल तुटली तर पूर्ण दाब कॅबिनेटवर येतो.

वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस घेताना त्यावरचे व्हीए, अर्थात व्होल्ट-अँपिअर, म्हणजे वॅट नव्हेत, एवढे ध्यानात ठेवावे. घरगुती वापराचा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच पेलतो. त्यावर संगणक, मॉनिटर आणि राउटर असावेत. लेझर प्रिंटर कदापि लावू नये, कारण शाई वितळवणारा त्याचा हीटर तापताना यूपीएसला झेपणार नाही इतकी वीज एका झटक्यात ओढतो.

अर्थिंग नसेल तर विजेच्या दाबातली अचानक उसळी अडवणाऱ्या स्पाइक गार्डचाही उपयोग बराचसा वाया जातो, आणि वीज जवळच पडली तर अर्थिंग असूनही त्याच्यावर विसंबता येत नाही. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद न करता प्लगच काढून ठेवावा, आणि इंटरनेट तांब्याच्या तारेने येत असेल तर राउटरची ती तारही काढावी. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरचा अ‍ॅडॉप्टर भिंतीतच खोचलेला असतो, तोही काढावा.