मोझेलकाठची काळी वेस

नमस्कार श्रोतेहो. आज जायचंय जर्मनीच्या पश्चिम कडेला, मोझेल नदीच्या काठी. फ्रान्सच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी ५४४ किलोमीटर वळणं घेत कोब्लेन्झला ऱ्हाइनला मिळते, आणि जर्मनीत शिरल्यावर तिच्या दोन्ही काठांना द्राक्षमळे लागतात. मळे म्हणजे सपाट रानं नव्हेत. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट डोंगरावर चढ ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे ट्रॅक्टरचं काम नाही. एका रुळावरून चढणारी चिमुकली गाडी माणसं आणि माल वर नेते, बाकी सगळं हातानं. जमीन पाटीच्या दगडाची. होय, आपण शाळेत ज्यावर मुळाक्षरं गिरवली त्याच दगडाची. तो दिवसभर ऊन धरून ठेवतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. म्हणून इतक्या उत्तरेला रीसलिंग नावाचं उशिरा पिकणारं द्राक्ष तयार होतं. छाटणी, बांधणी, खुडणी यांत किती कष्ट असतात, ते नाशिक-सांगलीकडच्या श्रोत्यांना मी काय सांगावं!

रोमन लोकांनी हा काठ वसवला. त्यांचं मोठं शहर म्हणजे ट्रीअर. आणि ट्रीअरला गेलात की सगळ्यात आधी भेटते ती उत्तरेची वेस, पोर्टा निग्रा, काळी वेस. इसवी सन १७०च्या सुमाराला बांधलेली. वालुकाश्माचे प्रचंड चिरे, काही तर सहा-सहा टनांचे, चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले आणि लोखंडी आकड्यांनी जखडलेले. दगड मुळात फिकट, काळानं काळा पडला.

आता लक्ष द्या, कारण खरी गोष्ट इथे आहे. शहराला अशा चार वेशी होत्या. उरली एक. बाकीच्या तिन्ही लोकांनी दगडांसाठी पाडून नेल्या. या चौथीवरही हात पडलाच होता. जवळ जाऊन पाहा, चिऱ्यांच्या सांध्यांवर ओबडधोबड खळगे दिसतात, बोटं आत जातील एवढे. लोखंड महाग, म्हणून आतले आकडे काढण्यासाठी कुणीतरी छिन्नीनं दगड फोडलेला. मग ही एकटी कशी वाचली? एका साधूमुळे.

सिमेओन त्याचं नाव. जन्म सिसिलीतल्या सिराक्यूजचा, शिक्षण कॉन्स्टँटिनोपलमध्ये. जेरुसलेमला यात्रेकरूंचा वाटाड्या होता, पुढे सिनाई पर्वतावरच्या मठात भिक्षू झाला. मठानं त्याला नॉर्मंडीच्या सरदाराकडून देणगी आणायला पाठवलं. एवढा प्रवास करून तो पोचला, तर सरदार वारलेला! फिरत फिरत तो ट्रीअरला आला. तिथले आर्चबिशप पोप्पो यांना पवित्र भूमीची यात्रा करायची होती, त्यांच्याबरोबर हा गेला आणि परतही आला. परतल्यावर त्यानं मागितलं काय? जमीन नाही, पद नाही. या वेशीच्या पूर्वेच्या बुरुजात मला कोंडून घ्या, म्हणाला. १०३०मध्ये त्याला त्या बुरुजात बंद करण्यात आलं.

लोकांना तो लगेच देव वाटला असं मात्र नाही. नदीला मोठा पूर आला तेव्हा गावकऱ्यांनी ठरवलं, हा परका जादूटोणा करतो, यानंच पूर आणला. बुरुजावर दगडफेक झाली, त्याची खिडकी फुटली. त्याच्या ओळखीच्या एका मठाधिपतीनं त्याचं चरित्र लिहिलं, त्यात हे नोंदलेलं आहे. हजार वर्षं झाली, संकट आलं की परक्याकडे बोट दाखवायची माणसाची खोड काही गेलेली नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

सिमेओन १०३५मध्ये त्याच बुरुजात वारला. काही वर्षांतच पोपनं त्याला संत ठरवलं, आणि पोप्पोंनी या वेशीचंच चर्च केलं. एकावर एक अशी दोन चर्चेस! खालच्या कमानी मातीनं बुजवल्या, वर जायला पायऱ्या केल्या. आता वेशीचा दगड न्यायची कुणाची हिंमत? लक्षात घ्या, वेस वाचली ती वापरात राहिली म्हणून. पुढे १८०४मध्ये नेपोलियन आला, म्हणाला, चर्च पाडा, मला रोमन वेस पाहिजे. काम पुढे प्रशिया या जर्मन राज्याच्या राजवटीत पुरं झालं. तरी पूर्वेकडचा अर्धगोल भाग राहिला. आत वर चढलात की रोमन चिऱ्यांवर रोकोको शैलीत कोरलेले पोप आणि संत दिसतात. तिथे घाई करू नका. चार शहरं दोन दिवसांत उरकणाऱ्या सहली मला अजिबात पसंत नाहीत. एक वेस नीट पाहायला अख्खी सकाळ लागते.

ट्रीअरमध्ये १८१८ साली कार्ल मार्क्सही जन्मला. त्याचं घर लोक पाहतात, पण तरुणपणी पत्रकार म्हणून त्यानं मोझेलच्या द्राक्ष पिकवणाऱ्यांच्या हलाखीवर लिहिलं होतं, ते फार थोड्यांना ठाऊक असतं. द्राक्षाला भाव नसला की बागायतदाराच्या घरात काय होतं, याबद्दल बोलणारा माणूस मला नेहमीच जवळचा वाटतो.

नदीच्या पुढल्या वळणांवर नॉयमागेन लागतं. तिथे १८७८मध्ये दगडात कोरलेलं रोमन जहाज सापडलं, पिंपं लादलेलं आणि वल्हेकऱ्यांनी भरलेलं. एका व्यापाऱ्याच्या थडग्यावरचं ते शिल्प. पुढच्या काळात तटबंदीच्या पायात भर म्हणून घातलं गेलं, आणि तिथेच सुखरूप राहिलं. मूळ शिल्प ट्रीअरच्या संग्रहालयात आहे.

शेवटचा मुक्काम बर्नकास्टल-कूस. कूसच्या एका नावाड्याचा मुलगा निकोलाउस, पुढे चर्चमध्ये कार्डिनल झाला, मोठा तत्त्वज्ञ ठरला. त्यानं १४५८मध्ये आपल्या गावी ३३ वृद्धांसाठी आश्रम काढला, ३३ कारण ख्रिस्ताचं आयुष्य तेवढं मानतात. तो इटलीत वारला, शरीर रोममध्ये पुरलं, पण हृदय त्याच्या इच्छेप्रमाणे कूसच्या या आश्रमातल्या प्रार्थनामंदिरात आणलं. त्याचे हस्तलिखित ग्रंथही तिथेच आहेत. आणि आश्रम अजून चालू आहे. साडेपाचशेहून अधिक वर्षं! वृद्ध मंडळी आजही तिथे राहतात, आणि आश्रमाचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत. ग्रंथालय वाटाड्याबरोबरच पाहता येतं, तेव्हा वेळ आधी विचारून जा, आणि आवारात आवाज बेतानं ठेवा, कारण ते लोकांचं घर आहे. नमस्कार.