घडीचा चाकू निवडताना सांधा आधी पाहावा

शेतकरी बंधू आणि भगिनींनो,

वावरात जाणाऱ्या माणसाजवळ विळा असतो, कोयता असतो, गरज पडली तर कुऱ्हाडही असते. पण दिवसभरात जे वारंवार कापावे लागते, त्यासाठी नेमके यांतले एकही हत्यार सोयीचे नसते. खताच्या पोत्याची शिवण, बारदान्याची सुतळी, ठिबकची नळी, बैलाच्या गळ्यात आवळून बसलेली नायलॉनची गाठ, ही सगळी कामे आपण दातांनी, विळ्याच्या टोकाने किंवा दाढीच्या अर्ध्या ब्लेडने उरकतो आणि बोटे कापून घेतो. खिशात राहणारा एक चांगला घडीचा चाकू ही कामे सुरक्षितपणे करतो, आणि तो नीट पारखून घेतला तर वर्षानुवर्षे दुसरा घ्यावा लागत नाही. तो कसा पारखावा, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

दुकानात चाकू हाती आला की आपण पहिल्यांदा पाते पाहतो, त्याची चमक पाहतो आणि अंगठ्याने धार चाचपतो. माझा आग्रह असा आहे की धार सर्वांत शेवटी पाहावी, कारण बोथट पाते घरी पाजवता येते, पण ढिला सांधा घरी दुरुस्त करणे फार कठीण असते. घडीचा चाकू निकामी होतो तो बहुधा पाते आणि मूठ जिथे जोडलेली असतात त्या खिळ्यापाशी. तिथे एकदा झीज झाली की पाते डावी-उजवीकडे हलू लागते, खटका, म्हणजे उघडलेले पाते अडकवून ठेवणारी कळ, अर्धवट बसतो, आणि ज्या दिवशी जोर लावून काही कापायचे असते त्याच दिवशी पाते बोटांवर मिटते.

म्हणून चाकू पूर्ण उघडावा, एका हातात मूठ घट्ट धरावी, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून ते आडवे हलवून पाहावे आणि मग वर-खाली हलवून पाहावे. नव्या चाकूत आडवी हालचाल जाणवताच कामा नये. वर-खाली हालचाल असेल तर तो चाकू तिथेच परत करावा, कारण त्याचा अर्थ खटका पात्याच्या खाचेत नीट बसत नाही असा आहे. त्यानंतर चाकू मिटून मुठीच्या फटीत पाहावे. पाते मधोमध बसलेले असावे, एका बाजूला घासत नसावे. सांधा स्क्रूचा असेल तर तो पुढे कसता येतो आणि उघडून धुता येतो, हा मोठा फायदा आहे. खिळा ठोकून बसवलेला असेल तर तो अधिक साधा आणि मजबूत असतो, पण सैल झाल्यावर ऐरणीवर अगदी हलक्या ठोक्यांनीच आवळावा लागतो, आणि ते काम जाणत्या लोहाराचे आहे.

आता खटक्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण आपल्या भागात चाकू बिघडतो तो इथेच. सर्वांत जुन्या प्रकारात खटका नसतोच. पाठीमागची पोलादी पट्टी पात्याला दाबून धरते आणि पाठीवर जोर पडला की पाते मिटते. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर यांनी 1897 साली नोंदवलेला अधिकारी-चाकू, ज्याला आपण स्विस चाकू म्हणतो, त्याचे मूळ पाते याच पद्धतीचे आहे. फळ कापायला, सुतळी तोडायला तो उत्तम आहे. पण पोत्यात टोक खुपसण्याच्या कामाला तो धोक्याचा आहे. दुसरा प्रकार पाठीवर दाबायच्या खटक्याचा. तो भक्कम असतो, परंतु त्याच्या खाचेत माती बसते, आणि आपली काळी माती ओली असताना चिकटते व वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते, हे तुम्हाला सांगायला नको. खाचेच्या तळाशी मातीचा पातळ थर बसला तरी खटका पूर्ण खाली जात नाही. बाहेरून चाकू उघडलेला आणि अडकलेला दिसतो, पण पकड मात्र केवळ काठावर असते. तिसऱ्या प्रकारात मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडते. ही रचना उघडी असल्यामुळे पाण्याच्या धारेखाली स्वच्छ होते. मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते.

चौथा प्रकार फिरत्या कड्याचा. फ्रान्समधील सावोय या डोंगरी प्रदेशात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा एक साधा चाकू तयार केला आणि 1955 मध्ये त्यावर फिरते कडे बसवले गेले. कडे फिरवले की पात्याची वाट बंद होते. त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून ही रचना इतकी वर्षे टिकली. दोष एकच, आणि तो आपल्या हवामानात ठळक दिसतो: पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पाते फटीत आवळून बसते. मूठ भिजू न देता अधूनमधून मेण जिरवले तर हा त्रास बराच कमी होतो. कोरडवाहू कापूस-तुरीच्या वावरासाठी मी हा चाकू निःसंकोच सुचवीन. ज्यांचे हात दिवसभर ओलितात आणि फवारणीच्या पाण्यात असतात, त्यांनी उघड्या रचनेचा, सरकत्या पट्टीचा, टणक प्लास्टिकच्या मुठीचा चाकू घ्यावा.

पोलादाची निवड करताना आपण काय कापतो हे पाहावे लागते. साधे कार्बन पोलाद लवकर धार घेते; आपले लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून जे विळे घडवतात त्यांचे पोलाद जवळपास याच जातीचे. पण आपल्या विदर्भातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात या पोलादाची परीक्षा रोज होते. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या रसात पाते तसेच ठेवले तर थोड्याच वेळात त्यावर करडे-काळे डाग उमटतात आणि फोडीला लोखंडाची चव येते. घामाने भिजलेल्या खिशात त्यावर तांबेरा चढतो. स्टेनलेस पोलादात क्रोमियम असते आणि ते पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर धरते. चाकूंसाठी वापरल्या जाणाऱ्या एका साध्या स्वीडिश पोलादात सुमारे 0.6 टक्के कार्बन आणि 13.5 टक्के क्रोमियम असते. बागायतदाराला याच दर्जाचे पोलाद पुरेसे आहे. केवळ क्रोमियमचा आकडा पाहून मात्र फसू नये. काही फार कठीण पोलादांत 12 टक्के क्रोमियम असूनही दीड टक्का कार्बन त्यातला बराच भाग स्वतःशी बांधून टाकतो, म्हणून ती पोलादे दिसायला स्टेनलेस आणि वागायला अर्धी गंजणारी असतात.

इथे मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची, गोष्ट सांगितलीच पाहिजे. संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो त्या डिंक्या रोगाची साल खरवडताना धारदार चाकू लागतो, आणि नंतर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 10 लिटर पाण्याचा बोर्डो मलम लावतात. मिश्रणात चुना कमी पडला आहे का हे पाहण्यासाठी त्यात घासून स्वच्छ केलेले लोखंडी पाते क्षणभर बुडवण्याची जुनी रीत आहे: पात्यावर तांबूस झाक आली तर मिश्रण अजून आम्लधर्मी आहे, चुना वाढवावा लागतो. ती झाक म्हणजे खरोखरीचे तांबे असते, आणि जितके तांबे पात्यावर चढते तितके लोखंड पात्यातून विरघळून गेलेले असते. या परीक्षेसाठी खिळा वापरावा, खिशातला चाकू नव्हे. साल खरवडून झाल्यावरही चाकू साबणाने धुऊन पुसून ठेवावा. डोळा भरण्याचा, म्हणजे कलम करण्याचा, चाकू तर वेगळाच असावा. रोगट झाडाच्या रसाने माखलेल्या पात्यातून काही रोग दुसऱ्या झाडात जातात, आणि ज्या चाकूने सुतळी व पोती कापली त्याने जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाच्या खुंटावर कलम बांधणे योग्य नाही.

पोलाद किती कठीण असावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपल्या घरच्या निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, जे पाजवता येईल तेच पोलाद आपले. रॉकवेल मापावर 56 ते 58 कठीणपणाचे पाते साध्या दगडावर थोड्या वेळात धार धरते. 60 च्या पुढचे, खूप मिश्रधातूंचे पाते धार जास्त दिवस टिकवते, पण ती गेली की त्याला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते, आणि ती नसेल तर तो महागडा चाकू बोथटच पडून राहतो. पाजवताना पाते दगडाशी साधारण 20 अंशांत धरावे. कोन मोजायचे साधन नको. पाते 2 सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे 7 मिलिमीटर उचलली की तो कोन साधतो. एका बाजूने घासत राहावे, दुसऱ्या बाजूच्या काठावर बारीक कड बोटाला लागू लागली की बाजू पालटावी, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने दोन्ही बाजू आळीपाळीने ओढून ती कड काढून टाकावी. गावात सायकलवर शाण घेऊन येणाऱ्याकडे चाकू दिलात तर जवळ उभे राहावे. ठिणग्या उडत असताना काठावर निळसर झाक दिसली, तर तिथे पोलाद 300 अंशांच्या आसपास तापले आहे आणि त्याचे पाणी उतरले आहे. तेवढा भाग मऊ पडतो आणि त्यावर धार टिकत नाही.

आकाराचे फार लांबवत नाही. पाते 7 ते 9 सेंटीमीटर, जाडी दीड ते अडीच मिलिमीटर. जाड पाते दिसायला दणकट वाटते, पण ते कापण्याऐवजी फाडते. चाकूने पत्र्याचा डबा उचकटायचा नाही आणि खिळा उपटायचा नाही, म्हणून जाडीची गरजही नाही. मुठीला दोरी ओवायचे भोक असावे. लुगड्याला खिसा नसतो, आणि कापूस वेचणाऱ्या बाईला चाकू कमरेच्या ओटीला बांधता आला पाहिजे. लाल किंवा केशरी दोरी बांधली तर तणात पडलेला चाकू सापडतो.

चाकू जवळ आहे म्हणून साप चावलेल्या जागी चीर देण्याचा विचारही करू नये. त्याने विष निघत नाही, रक्तस्राव आणि जखम मात्र वाढते. माणसाला शांत ठेवून, चावलेला अवयव न हलवता, प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात तातडीने न्यावे. कायद्याचेही भान असावे. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात आणि घरगुती व शेतीकामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत; आपला चाकू या मापापेक्षा पुष्कळ लहान आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जेव्हा शस्त्रबंदीचा आदेश निघतो, तेव्हा त्यात चाकूही येतो. त्या दिवसांत, तसेच कोर्टात, मतदान केंद्रावर किंवा विमानाच्या हातसामानात तो नेऊ नये. बटण दाबताच झटकन उघडणारा चाकू तर घेऊच नये. शेतीकामात त्याचा काही उपयोग नाही आणि पोलिसांना त्याचे कारण पटवून देणे अवघड आहे.

राहिले तेल. आपल्याकडे जवस पिकते आणि घरात सोयाबीनचे तेल असते, म्हणून तेच सांध्यात सोडले जाते. जवसाचे तेल हवेत वाळून त्याचा चिवट पापुद्रा होतो. लाकडी मुठीला ते फार चांगले, सांध्याला फार वाईट. सोयाबीनचे तेलही हळूहळू चिकट होते आणि त्या चिकटपणाला धूळ धरते. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब घालावा, पाते दोन-चार वेळा उघडमीट करून बाहेर आलेले काळे तेल पुसून घ्यावे. ज्या पात्याने फळ कापतो त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बोटाने पुसून लावावे. आधी माती पाण्याने पूर्ण काढून चाकू उन्हात वाळवावा, मगच तेल. मातीवर घातलेले तेल सांध्यात रेतीचा लगदा करते आणि खिळा त्याने झिजतो.

निसणा, पाण्याची बादली आणि तेलाची बाटली इथे टेबलावर ठेवली आहे. ज्यांनी आपले चाकू आणले आहेत त्यांनी ते मिटलेल्या स्थितीत माझ्याकडे द्यावेत; प्रत्येकाचा सांधा आधी हलवून पाहू आणि मग पाजवायला बसू.