इतिहास पुढे जातो, हे कशावरून?

नमस्कार मंडळी.

माणूस नैतिकदृष्ट्या सुधारतो आहे का, असा विषय निघाला की दोन तट पडतात. एक जण सतीबंदी, गुलामगिरीचा अंत, स्त्रियांचा मताधिकार अशी यादी वाचतो. दुसरा दोन महायुद्धं आणि हिरोशिमा पुढे करतो. दोघेही उदाहरणं मोजतात, आणि नुसतं मोजून हा प्रश्न सुटत नाही. तो का सुटत नाही, हे जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७९८ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, फार नेमकं लिहून ठेवलं आहे.

त्याने आधी तीन मतं मांडली. मानवजात सतत घसरते आहे, सतत चढते आहे, किंवा मागेपुढे करत एकूणात आहे तिथेच आहे. यांतलं एकही मत अनुभवावरून सिद्ध होत नाही, असं तो म्हणतो. ग्रह पुढे कुठे असेल हे त्याच्या मागच्या स्थानांवरून काढता येतं. माणूस स्वतंत्र आहे, तो उद्या उलटा वळू शकतो. म्हणून कांट हिशेब बाजूला ठेवतो आणि एक खूण शोधतो. सुधारण्याची क्षमता माणसात खरोखरच आहे, एवढं दाखवणारी एखादी घटना त्याला हवी असते.

ही खूण त्याला सापडते ती फ्रेंच राज्यक्रांती लांबून पाहणाऱ्या लोकांत. क्रांती करणाऱ्यांचे हेतू मिश्र होते, हात रक्ताने माखले होते. पण कांटच्या प्रशियासारख्या राजेशाहीत राहून क्रांतीची उघड बाजू घेण्यात लाभ काहीच नव्हता, उलट धोका होता. तरीही लोकांनी ती घेतली. त्यांची ही सहानुभूती सार्वत्रिक होती आणि निःस्वार्थ होती, या दोन गोष्टींवर कांटचा सगळा युक्तिवाद उभा आहे. उद्या क्रांती फसली तरी ही खूण पुसली जात नाही, कारण ती पाहणाऱ्यांच्या मनात उमटलेली आहे.

या युक्तिवादाचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण मराठीत आहे. जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास इंग्रज लेखक टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. त्याच फ्रेंच क्रांतीच्या समर्थनार्थ लिहिलेलं हे पुस्तक. पुढे १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं, तेव्हा जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. गुलामांच्या मुक्तीसाठी ते निरपेक्षपणे झिजले म्हणून. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली होती, सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली होती. त्यात पुण्याच्या माणसाचा काय लाभ? काही नाही. पण ती अर्पणपत्रिका तिथे थांबत नाही. माझ्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, अशी इच्छा ते पुढच्याच ओळींत लिहितात, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन करतात. दूरच्या न्यायाचं कौतुक पुष्कळ जण करतात. त्याच मापाने स्वतःचं घर मोजणं दुर्मीळ आहे. आपण साऱ्या जगाचे नागरिक आहोत, या विश्वनागरिकत्वाचा मला समजलेला अर्थ हाच.

आता दुसरी बाजू. अर्पणपत्रिकेनंतर चारच वर्षांत, १८७७ मध्ये, अमेरिकेच्या दक्षिणेकडची राज्यं सांभाळणारं केंद्रीय सैन्य मागे घेतलं गेलं आणि मुक्त झालेल्यांचे हक्क पुन्हा हिरावले जाऊ लागले. म्हणजे जोतीराव चुकले का? प्रगती हा इतिहासाचा नियम मानला तर हो. ती फक्त एक सिद्ध झालेली शक्यता मानली तर नाही.

नियम मानण्यात आणखी एक धोका आहे: एका पानावरची जमा पाहून वही मिटली जाते. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतेक भागांत १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द झाली. भरपाई म्हणून २ कोटी पौंड दिले गेले, ते मालकांना. गुलामांना काहीच मिळालं नाही. उलट सहा वर्षांवरच्या सर्वांना ‘उमेदवार’ (अ‍ॅप्रेंटिस) म्हणून त्याच मालकांकडे राबावं लागलं. ही पद्धत वेस्ट इंडीजमध्ये १८३८ साली मोडली. भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदात्यांनी २०१५ पर्यंत फेडलं. आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाज ३६ हिंदी मजुरांना घेऊन मॉरिशसला लागलं. त्यांचा करार पाच वर्षांचा होता. पुढे जवळपास पाच लाख माणसं याच वाटेने तिथे उतरली, त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. म्हणून कुठलीही सुधारणा वाचताना विचारावं: भरपाई कुणाला मिळाली, आणि ओझं कुणाच्या डोक्यावर गेलं?

हे ओझं उतरवायलाही कुणीतरी बाहेरून बोलावंच लागलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत कराराने बांधलेले मजूर पाठवण्याविरुद्ध ठराव आणला, तो मंजूर झाला. १९१२ मध्ये ही पद्धतच बंद करण्याचा ठराव त्यांनी मांडला, तो फेटाळला गेला. भरती थांबली ती १९१७ मध्ये, गोखले गेल्यावर दोन वर्षांनी.

आपण परदेशात राहतो, म्हणून कांटच्या १७९५ च्या शांतताविषयक निबंधातलं तिसरं कलम तर आपल्या दाराशीच येतं. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू मानू नये, एवढाच हक्क तो देतो. हा भेटीचा हक्क आहे, मुक्कामाचा नाही. मुक्कामाला वेगळा करार लागतो. यजमान नकार देऊ शकतो, पण त्या नकाराने येणाऱ्याचा नाश होणार नसेल तरच. हाच विचार १९५१ च्या निर्वासित कराराच्या ३३ व्या कलमात दिसतो: जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे माणसाला परत ढकलू नये. कांटने भेटीचा हक्क इतका तोकडा का ठेवला, याचं उत्तर त्याच्या त्याच तिसऱ्या कलमात आहे. युरोपीय लोकांनी व्यापारी ठाण्यांच्या निमित्ताने हिंदुस्थानात परकं सैन्य आणलं, राज्यांत लढाया लावल्या, दुष्काळ पसरवला, असं कांट लिहितो. आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली त्याच साली तो हे लिहीत होता! याच कांटने १७६४ च्या पुस्तकात आफ्रिकी लोकांबद्दल अत्यंत तुच्छतेने लिहिलं आहे. ते झाकून कांट शिकवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

ज्यांना मूळ लेखन वाचायचं आहे, त्यांनी १७९५ चं तिसरं कलम आधी घ्यावं. ते जेमतेम दोन-चार पानांचं आहे. मग १७९८ चा मजकूर, आणि त्याला लागून जोतीरावांची अर्पणपत्रिका. विश्व-इतिहासावरचा १७८४ चा नऊ सूत्रांचा निबंध शेवटी ठेवा. माणसांच्या भांडणातूनच निसर्ग प्रगती घडवतो, असं त्यात म्हटलं आहे. मधल्या पिढ्यांनी फक्त पुढच्यांसाठी राबायचं, हे कांटलाही तिथे कोड्यात टाकतं. तो निबंध आधी वाचला, तर १७९८ ची खूण निसर्गाच्या योजनेचा पुरावा वाटू लागते, आणि लोकांनी धोका पत्करून घेतलेली बाजू नजरेआड होते.