मूळ पेशीत जीन बसवायचा तर व्हायरसच का लागतो?

नमस्कार मंडळी. सलाईनच्या स्टँडला एक छोटी पिशवी लटकवलीय, फ्रीझ केलेली ती नुकतीच कोमट पाण्यात वितळवलीय आणि खोलीत लसणासारखा वास सुटलाय. हा वास पेशींचा नाही, थंडीत त्या मरू नयेत म्हणून घातलेल्या डीएमएसओचा. आत पेशंटच्याच मूळ पेशी आहेत, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी बनतात त्या (स्टेम सेल), पण त्यांच्यात आता एक जीन जास्त आहे आणि तो आत नेलाय एचआयव्हीपासून बनवलेल्या व्हेक्टरनं, म्हणजे जीन वाहून नेणाऱ्या वाहनानं.

दचकू नका, नीट सांगते. एचआयव्हीला एक काम फार छान जमतं, आपले जीन माणसाच्या डीएनएत कायमचे शिवून टाकणं, आणि पेशी विभागत नसली तरी जमतं. शास्त्रज्ञांनी तेवढंच कसब ठेवलं, आजार करणारे जीन काढले, नवे व्हायरस बनवायचा माल वेगवेगळ्या प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यांवर, वाटून टाकला आणि वरचं कव्हर चढवलं व्हीएसव्हीचं, म्हणजे गुरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या व्हायरसचं. एकदा आत शिरला की त्याची पुढे पिल्लावळ होत नाही.

आता दुसरा एक व्हायरस आहे, एएव्ही. त्याचा जीन बहुतेक वेळा डीएनएत शिवला जात नाही, त्यामुळे मूळ पेशी विभागत गेली की ताकात पाणी ओतत राहावं तसा तो पातळ होत जातो. रक्तासाठी कायमचाच हवा, कारण मूळ पेशीत बसला तर तिच्यापासून होणाऱ्या प्रत्येक पेशीत तो जातो.

पण चूक झाली तर तीही प्रत्येक पेशीत जाते ना! 1999 मध्ये पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलमध्ये आलँ फिशर आणि मारिना कावाझाना यांच्या टीमनं जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या बाळांवर हा उपचार सुरू केला, व्हेक्टर उंदरांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) व्हायरसचा होता. बाळं बरी होऊन घरी गेली. आणि 2002 मध्ये त्यातल्याच मुलांना ल्युकेमिया निघायला लागला, कारण व्हेक्टर एलएमओ2 नावाच्या, रक्तपेशींना बेलगाम वाढवू शकणाऱ्या जीनशेजारी जाऊन बसला होता आणि व्हेक्टरच्या स्वतःच्या जोरदार स्विचनं तो जीन चालू केला. पॅरिसमध्ये 4 आणि लंडनच्या तशाच ट्रायलमध्ये 1, अशा पाच मुलांना झाला, त्यातलं एक मूल गेलं. हे वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. त्यानंतर तो स्विचच कापून टाकलेले लेन्टिव्हायरस, म्हणजे सुरुवातीला सांगितलेले एचआयव्हीच्या जातीचे व्हेक्टर, आले. तरी धोका शून्य नाही, एएलडी या मेंदूच्या आजारात लेन्टिव्हायरसचा उपचार घेतलेल्या 67 पैकी 7 मुलांना रक्ताचा कॅन्सर झाल्याचं 2024 मध्ये प्रसिद्ध झालंय.

आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्याकडची बातमी आली, वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) हॉस्पिटलची. हिमोफिलिया ए म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर 8 हे प्रथिन बनत नाही, कुठे न आपटताही गुडघ्यात रक्त साचतं, गुडघा नारळासारखा सुजतो. डॉ. अलोक श्रीवास्तव यांच्या टीमनं 5 पेशंटच्या मूळ पेशी काढून त्यात फॅक्टरचा जीन घातला, स्विच असा निवडला की मोनोसाइटसारख्या पांढऱ्या पेशींनीच तो बनवावा, मग केमो देऊन जुनी मज्जा रिकामी केली आणि त्या पेशी परत सोडल्या. पाचही जणांचा मिळून 81 महिन्यांचा काळ, त्यात एकदाही रक्तस्राव नाही!

आता त्यांच्यावर लक्ष ठेवणं आलं. अमेरिकेची औषधांवर नियंत्रण ठेवणारी संस्था एफडीए डीएनएत शिवल्या जाणाऱ्या व्हेक्टरसाठी 15 वर्षं पाठपुरावा करायला सांगते, म्हणजे अधूनमधून रक्त घ्यायचं आणि एखादीच पेशी बाकीच्यांपेक्षा फार वाढत तर नाही ना, ते बघत राहायचं.