साडेपस्तीसचा क्लोरीन कोणी पाहिलाय?

नमस्कार मंडळी, आज गप्पा एका आकड्यावर, साडेपस्तीस. शाळेत केमिस्ट्रीची गणितं केलेल्यांना तो आठवत असेलच, क्लोरीनचं अणुवस्तुमान 35.5. बाकीचे कसे सरळ, कार्बन 12, ऑक्सिजन 16, सोडियम 23, आणि मधेच हा एक अर्धवट. मला तेव्हा वाटायचं अर्धा प्रोटॉन बिटॉन असतो की काय, सरांना विचारलं तर म्हणाले पाठ कर, परीक्षेला येतं. संपला विषय.

आता अणूच्या आत काय असतं ते पटकन बघू. मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, बाहेर इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन इतका हलका की साधारण 1836 गोळा करावे तेव्हा कुठे एका प्रोटॉनएवढं वजन भरतं, त्यामुळे वजनाच्या हिशोबात त्याला कोणी विचारत नाही. (वजन म्हणतोय मी, खरं वस्तुमान म्हणायला हवं, पण बोलताना तोंडात वजनच येतं.) अणू कोणाचा हे प्रोटॉन ठरवतात, 17 असले की क्लोरीन, 18 झाले की आर्गॉन, तिथे घासाघीस नाही. न्यूट्रॉनचं तसं नाही. क्लोरीनच्या काही अणूंत ते 18 असतात, काहींत 20, म्हणजे कोणाचा अणुवस्तुमानांक 35, कोणाचा 37. दोघंही क्लोरीनच, आवर्तसारणीत दोघांचं घर एकच, म्हणून तर समस्थानिक.

आता जवळ कागद असेल तर घ्या, नाहीतर मनातच करा. निसर्गातले क्लोरीनचे चार अणू उचलले तर त्यात सरासरी तीन पस्तीसवाले आणि एक सदतीसवाला. पस्तीस त्रिक एकशे पाच, त्यात सदतीस, झाले एकशे बेचाळीस, भागिले चार. साडेपस्तीस! बारीक मोजलं तर 35.45 येतं कारण प्रमाण अगदी तीनास एक नाही, पण गणितापुरतं चालतं. म्हणजे साडेपस्तीस वजनाचा क्लोरीनचा अणू कुठेच नसतो, ही फक्त सरासरी आहे. 35.5 सरासरी असलेल्या फलंदाजाने कधी साडेपस्तीस रन काढलेत का, तसंच हे.

आणि याच आकड्याने एका माणसाचा घात केला होता. 1815 मध्ये इंग्लंडमधला डॉक्टर विल्यम प्राउट म्हणाला की सगळ्यांची वजनं हायड्रोजनच्या पटीत आहेत, म्हणजे सगळे अणू बहुतेक हायड्रोजनपासूनच बनलेत. कल्पना झकास, पण क्लोरीन काही ऐकेना, पुन्हा पुन्हा तोललं तरी साडेपस्तीसच, आणि शेवटी बिचाऱ्या प्राउटची कल्पना बाजूला पडली. तराजूत एका वेळी अब्जावधी अणू पडतात हो, तो एकेकट्याचं वजन सांगणार कसं?

मग 1919 मध्ये केंब्रिजला फ्रान्सिस अॅस्टनने असं यंत्र बनवलं की ज्यात विद्युतभार दिलेले अणू पळवायचे आणि विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वळवायचे, हलका जास्त वळतो, जड कमी, आणि फोटोच्या प्लेटवर प्रत्येक वजनाची रेघ वेगळी उमटते. क्लोरीन सोडला तर एक रेघ 35 वर, एक 37 वर, आणि साडेपस्तीसच्या जागी काहीच नाही! 1922 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला मिळालं. गंमत म्हणजे न्यूट्रॉन सापडला 1932 मध्ये, चॅडविकला, त्यामुळे 35 आणि 37 मध्ये फरक नक्की कशाचा हे त्या वेळी अॅस्टनलाही सांगता आलं नसतं.

जाता जाता ब्रोमीन बघा. टेबलात 79.90, म्हणजे जवळजवळ 80, किती सरळ आकडा वाटतो ना, पण निसर्गातल्या ब्रोमीनमध्ये 80 चा अणू शोधून सापडायचा नाही, असतात ते 79 आणि 81, जवळपास निम्मे निम्मे.