दवाखान्याचं बिल भागलं, घरचं कोण भागवणार?

मंडळी, आधी हा हात बघा. उजव्या तर्जनीचं वरचं पेर नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पावर प्रेसवर (पत्रा दाबायचं मशीन) डाय म्हणजे साचा बसवताना पॅडलवर पाय पडला, घाई होती, चूक माझीच. मेडिक्लेम होता म्हणून दवाखान्याचं बिल भागलं, सगळे म्हणाले सुटलास बाबा. पण ड्रेसिंग अडीच महिने चाललं आणि त्या अडीच महिन्यात शेडचं भाडं, लेथचा हप्ता, पोरीची फी, दुधाचं बिल, ह्यातला एक रुपयाही मेडिक्लेमनं दिला नाही, आणि त्याचं ते कामच नव्हे. बायकोच्या पाटल्या गुजरीत, सोनाराकडं गेल्या तेव्हा ही गोष्ट डोक्यात शिरली.

तर मेडिक्लेम फक्त उपचाराचा खर्च देतो. त्यातपण खोलीचं भाडं बघा, पॉलिसीत रोज 3 हजाराची मर्यादा आणि तुम्ही 6 हजाराची एसी खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसीत डॉक्टर फी, ऑपरेशन चार्ज पण निम्मे कापतात. असो.

हात-पाय गेला, डोळा गेला तर पर्सनल अॅक्सिडेंट, म्हणजे अपघात विमा, पैसे देतो. आणि बरं होईपर्यंत घरी बसायला लागलं तर त्यातच आठवड्याला पैसे देणारी एक सोय असते, पण ती बहुतेक वेळा वेगळी मागून घ्यायला लागते आणि एजंट आपणहून सांगत नाही (मी पण आता एजंटच आहे, म्हणून बोलतोय). ‘सरल सुरक्षा बीमा’ ही अपघाताची पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं सारखीच असते, त्यात ही सोय घेतली तर विमा रकमेच्या 0.2 टक्के आठवड्याला, जास्तीत जास्त 100 आठवडे. म्हणजे 10 लाखावर आठवड्याला 2 हजार. लई नाही, पण किराणा येतोय की.

मेडिक्लेम सोडला तर हे सगळं अपघाताचं झालं. डेंग्यू झाला, मणका सरकला, तर घर चालवायला ह्यातलं काही मिळत नाही. क्रिटिकल इलनेसवाली पॉलिसी कॅन्सर, हार्ट अटॅक, पॅरालिसिस असल्या ठरलेल्या आजारांना एकरकमी पैसे देते, मग ते हप्त्याला घाला नाहीतर औषधाला, कोण विचारत नाही. पण मणका त्या यादीत नाही, आणि आपल्या धंद्यात दुखतो तो मणकाच.

शिरोली, गोकुळ शिरगावातल्या मोठ्या फौंड्रीत ज्यांचा पगार 21 हजाराच्या आत आहे त्यांनी ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापतात म्हणून कुरकुर करू नका, पगारातनं फक्त पाऊण टक्का जातोय. आजारात वर्षाला 91 दिवस 70 टक्के पगार आणि कामावर लागलं तर बरं होईपर्यंत 90 टक्के, एवढं कुठली खाजगी पॉलिसी देते दाखवा. अडचण आपल्यासारख्या चार माणसांच्या शेडवाल्यांची, दहा कामगार नाहीत म्हणून ईएसआय आपोआप लागू होत नाही, आणि मालकाला तर नाहीच नाही.

मागनं कोणतरी विचारतंय, बँकेतनं वर्षाला 20 रुपये कटतात त्यात बोटाचं काय मिळतं? काही नाही भावा. ते पैसे पंतप्रधान सुरक्षा विम्याचे, तो अपघाती मृत्यूला, नाहीतर अपघातात दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय गेले तर 2 लाख देतो, एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर 1 लाख. बोट त्यात येत नाही. मोठ्या पॉलिसीत बोटाबोटाचा टक्का ठरलेला असतो, अंगठ्याला जास्त, करंगळीला कमी. प्रेसवर बसणाऱ्यानं तेवढं पान मागून वाचायचं.